बाताल्याचा मठ आणि जुन्या गोव्याचा मनोरा

मे १८३४ मध्ये लिस्बनच्या सरकारने एक हुकूम काढला. पोर्तुगालच्या राज्यातले पुरुष संन्याशांचे सगळे मठ बंद, आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा. हुकुमामागचा मंत्री जुआकीं आंतोनियु द आगियार याला लोकांनी पुढे ‘पाद्र्यांचा काळ’ अशा अर्थाचं टोपणनाव दिलं. हुकूम समुद्र ओलांडून १८३५ साली गोव्यात लागू झाला. जुन्या गोव्यात मोंती सांतू टेकडीवरचा सांत आगुस्तीनचा मठ त्यात रिकामा झाला. सात वर्षांत, १८४२ साली, चर्चचं कमानी छत कोसळलं. १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. उरलेला मनोरा आपण सगळेच पाहत आलो आहोत.

त्याच हुकुमाने पोर्तुगालमधला बाताल्याचा मठही रिकामा झाला. तो आज उभा आहे. नुसता उभा नाही, तर १९०७ पासून राष्ट्रीय स्मारक आणि १९८३ पासून युनेस्कोच्या यादीतला जागतिक वारसा आहे.

या दोन वास्तूंची तुलना निघाली की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: ते त्यांच्या घरातलं, हे वसाहतीतलं. उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. खुद्द पोर्तुगालातले कित्येक मठ त्या हुकुमानंतर लिलावात गेले. कुणाची सैनिकी बराक झाली, कुणात कारखाना आला, कुणाचे दगड आसपासच्या लोकांनी नेले. म्हणजे ‘घरातलं’ असणं पुरेसं नव्हतं. बाताल्याच वाचला तो का, आणि वाचला म्हणजे नेमकं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. कारण तीच दुरुस्तीची विद्या शंभरेक वर्षांनी आपल्या बॉम जेझूच्या भिंतीपर्यंत पोचली.

‘बाताल्या’ म्हणजे लढाई. १४ ऑगस्ट १३८५ रोजी आल्जुबारोताच्या रणात पोर्तुगालच्या पहिल्या जुआंवने कॅस्टिलच्या कितीतरी मोठ्या फौजेचा पराभव केला. जुआंव हा आधीच्या एका राजाचा अनौरस मुलगा, नुकताच गादीवर आलेला. हरला असता तर राज्य तर गेलंच असतं, पोर्तुगाल हा वेगळा देशही कदाचित उरला नसता. विजयाबद्दल त्याने मरियामातेचा मठ बांधायचा नवस केला होता. लिस्बनच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर तो उभा राहिला आणि १३८८ साली दोमिनिकन पंथाच्या संन्याशांना दिला गेला. मठाचं खरं नाव ‘विजयाची सांता मारिया’, पण गावाला आणि मठाला नाव पडलं ते लढाईचंच. आपल्याला यात नवल वाटायला नको. आल्बुकेर्कनेही गोव्याच्या लढाईत असाच नवस केला होता, आणि मोंती सांतूवरचं रोझरीचं चर्च त्यातूनच झालं.

पहिला वास्तुकार आफोंसु दोमिंगेश. १४०२ पर्यंत काम त्याच्याकडे होतं. चर्चचा आराखडा त्याचा. लांबी सुमारे ८० मीटर, रुंदी फक्त २२, आणि छताची उंची ३२ मीटरच्या वर. आकडे वाचून कल्पना येत नाही. आत उभं राहिलं की आपण एखाद्या अरुंद घळीच्या तळाशी आहोत आणि दोन्हीकडचे कडे वर जाऊन एकमेकांना टेकले आहेत, असं काहीसं वाटतं. सजावट जवळजवळ नाही. नुसता दगड आणि वरून येणारा उजेड.

इतकी उंची जमते कशी? गॉथिक बांधणीचं गमक असं, की छताचं वजन सबंध भिंतीवर पसरत नाही. टोकदार कमानी आणि दगडी फासळ्या ते गोळा करून ठरावीक खांबांवर आणतात. छताचा बाहेरच्या बाजूला येणारा रेटा तिरप्या दगडी कमानी बाहेरून टेकू देऊन पेलतात. खांबांमधल्या भिंतीला मग वजन घ्यायचं नसतं, म्हणून तिथे मोठाल्या खिडक्या काढून रंगीत काच बसवता येते. यासाठी दगड मात्र तसाच हवा: बारीक कणांचा, कुठूनही सारखा कापता येणारा. बाताल्याच्या परिसरातल्या खाणींतला चुनखडीचा दगड असा आहे. खाणीतून काढला की मऊ आणि फिकट, हवेत राहून पिवळसर होत जाणारा. पाथरवटाला तो लाकडासारखा कोरता येतो. पण जो दगड सहज कोरला जातो तो पावसात सहज झिजतोही. दुरुस्तीची सगळी कथा या एका गुणापाशी येऊन थांबते.

दोमिंगेशनंतर हुगेत नावाचा परदेशी वास्तुकार आला आणि १४३८ पर्यंत त्याने काम केलं. इमारतीचं धिटाईचं बांधकाम ते याचं. संस्थापकाचं कापेल त्याने बांधलं: चौरस खोली, मधोमध आठ खांब आणि त्यांच्यावर तारेच्या आकाराचं छत. तिथे जुआंव आणि त्याची इंग्रज राणी फिलिपा यांची एकत्र समाधी आहे. दगडात कोरलेले राजाराणी शेजारी आडवे आहेत, हातात हात घेऊन. भिंतीलगत त्यांच्या मुलांच्या समाध्या. त्यांत एक हेन्रीची, ज्याला इतिहासाची पुस्तकं ‘नाविक’ म्हणतात. आफ्रिकेच्या किनाऱ्याने गलबतं पाठवण्याचा उद्योग त्याने लावला नसता तर आपलं पुढचं बरंच काही वेगळं झालं असतं.

हुगेतचं दुसरं काम म्हणजे मठवासी रोज सभेला बसत ते दालन. साधारण १९ मीटर बाजूचा चौरस, आणि मध्ये एकही खांब नाही. या छताची दंतकथा प्रसिद्ध आहे. परदेशी हुगेतने बांधलेलं छत कोसळलं, तेव्हा आंधळ्या झालेल्या म्हाताऱ्या दोमिंगेशने ते परत बांधलं, आणि सेंटरिंग काढल्यावर तीन दिवस उपाशी एकटा खाली बसून राहिला. अलेशांद्रे एर्कुलानु या लेखकाने १८३९ साली तिची गोष्ट लिहिली आणि पोर्तुगालातल्या शाळकरी पोरांना ती पाठ झाली. सनावळी पाहिली तर गोष्ट टिकत नाही. दोमिंगेशचा काळ आधीच संपला होता आणि छत हुगेतचंच आहे. मला मात्र गोष्टीपेक्षा तिचं साल महत्त्वाचं वाटतं. मठ रिकामा होऊन पाच वर्षं झालेली, दुरुस्ती सुरू व्हायला एक वर्ष बाकी. नेमक्या त्याच वेळी एक लेखक लोकांना सांगतो आहे, की हे छत ‘आपल्या’ माणसाने बांधलेलं आहे.

आता ज्या भागाला माणसं खास बघायला जातात तो. जुआंवचा मुलगा दुआर्त याने स्वतःसाठी चर्चच्या मागे आठ बाजूंचं समाधिगृह काढलं, भोवती सात कापेलं. १४३८ साली तो वारला, त्याच वर्षी हुगेतही गेला. काम रखडलं. पुढे मानुएल राजाच्या वेळी मातेउश फेर्नांदिश या वास्तुकाराने त्याला सुमारे १५ मीटर उंचीचं महाद्वार बसवलं. एकात एक गुंतलेल्या कमानी, आणि सगळीकडे दुआर्तच्या एकनिष्ठतेच्या ब्रीदाची अक्षरं शेकडो वेळा कोरलेली. जवळून पाहिलं तर दगड आहे की जाळीदार लेस, असा प्रश्न पडतो. द्वारावरचं साल १५०९. पुढच्याच वर्षी आल्बुकेर्कने गोवा घेतला.

आणि इथे तर आपला संबंध थेट येतो. मानुएलचं लक्ष तोवर लिस्बनजवळ बेलेंला बांधायला घेतलेल्या जेरोनिमुश मठाकडे वळलं होतं. त्या मठाला पैसा पुरवला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून, म्हणजे बऱ्याच अंशी मिऱ्यांच्या पैशातून. राजा तिकडे, पैसा तिकडे, गवंडीही तिकडे. बाताल्याचं समाधिगृह छतावाचून राहिलं ते आजतागायत. भलेमोठे खांब घुमटाची वाट पाहत अर्ध्यावर थांबलेले, वर आकाश. ‘अपुरी कापेलं’ हेच त्याचं नाव झालं. पोर्तुगीज राज्याला भारतातून पैसा मिळाला म्हणून इमारती उठल्या, हे आपण नेहमी ऐकतो. त्यामुळे एक इमारत अर्धी राहिली, हे क्वचित सांगितलं जातं.

१७५५च्या भूकंपात मठाचं थोडं नुकसान झालं. खरा घाव बसला तो १८१० आणि १८११ साली, नेपोलियनच्या मासेना या सेनापतीच्या सैन्याने मठ लुटला आणि जाळला तेव्हा. त्यानंतर १८३४चा हुकूम. संन्यासी गेले, म्हणजे पागोळीखालची पन्हळ साफ करणारी माणसं गेली. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो. मठ बंद होणं ही आपल्याला धर्माच्या इतिहासातली घटना वाटते. इमारतीच्या दृष्टीने ती रोजच्या डागडुजीच्या शेवटाची घटना आहे. दगडी छताच्या खाचेत पान अडकतं, पाणी तुंबतं, सांध्यातला चुना धुपतो, सांध्यात झाड उगवतं. गोव्यातला कुठलाही घरमालक एका पावसाळ्यात काय होतं ते सांगेल. सांत आगुस्तीनच्या छताने सात पावसाळे काढले.

बाताल्याच्या बाबतीत १८४० साली दुरुस्ती सुरू झाली. राणी दुसऱ्या मारियाचा जर्मन नवरा फेर्नांदु याने तिचा पाठपुरावा केला, आणि काम सोपवलं लुईश मोझिन्यु द आल्बुकेर्क या लष्करी अभियंत्याकडे. त्याच्या हाती एक मोठी गोष्ट होती. १७८९ साली जेम्स मर्फी नावाचा आयरिश वास्तुकार मठात येऊन राहिला होता. त्याने मापं घेऊन नकाशे, उभे छेद आणि कोरीवकामाची चित्रं काढली, आणि १७९५ साली ती लंडनला छापली. फ्रेंचांच्या जाळपोळीआधीचा मठ कसा होता, हे कागदावर होतं. तुटलेली जाळी परत कोरायची तर कशी कोरायची, याला काही आधार होता. सांत आगुस्तीनचं चर्च १६०२ साली पूर्ण झालं आणि सव्वादोनशे वर्षं नांदतं होतं, पण मर्फीसारखा मापपट्टी घेऊन आलेला माणूस त्याच्या वाट्याला आला नाही. वर्णनं भरपूर आहेत, प्रवाशांनी स्तुतीही केली आहे. पण स्तुतीवरून कमान परत बांधता येत नाही.

मोझिन्युने १८४३ पर्यंत काम पाहिलं. पुढे यादवी युद्धात जखमी होऊन तो वारला, आणि मठावरचं त्याचं टिपण नंतर प्रसिद्ध झालं. काम थांबलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते चालूच होतं. म्हणजे साठेक वर्षं सरकारने एका इमारतीसाठी पैसा दिला आणि कारागीर ठेवले. त्या कामावरच पाथरवटांच्या नव्या पिढ्या शिकल्या. माझ्या मते बाताल्या वाचण्याचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात मोठं कारण.

पण वाचवताना काय केलं तेही सांगायला हवं. अपुऱ्या कापेलांच्या बाजूला सोळाव्या शतकात बांधलेली दोन अंगणं होती, भोवती ओसऱ्या असलेली. फ्रेंचांनी जाळलेली ती अंगणं दुरुस्त करण्याऐवजी पाडून टाकली. ज्या काळाचा गौरव करायचा होता, त्या काळाची ती नव्हती. चर्चच्या आतली नंतरच्या शतकांतली वेदी-सजावट आणि धार्मिक चिन्हंही काढली. हवा होता तो पंधराव्या शतकातला, जुआंव आणि त्याच्या मुलांचा, लढाईचं स्मारक असलेला मठ. चारशे वर्षं तिथे जपजाप्य करणारे, जेवणारे, आजारी पडणारे संन्यासी त्या चित्रात बसत नव्हते. आज आपण जो मोकळा, ओका, भव्य गाभा पाहून थक्क होतो, तो काही अंशी एकोणिसाव्या शतकाने साफ केलेला आहे. एर्कुलानुची गोष्ट आणि मोझिन्युचा हातोडा एकाच दिशेने चालले होते. १९२१ साली पहिल्या महायुद्धातल्या दोन अनाम सैनिकांना त्या बिनखांबी दालनात पुरलं, तेव्हा मठ पुरता राष्ट्राचा झाला. विसाव्या शतकात भोवतालची जुनी घरं हटवून मोठं पटांगण केलं. शेजारून लिस्बन–पोर्तु हमरस्ता गेला, आणि त्याच्या धुराने व हादऱ्यांनी मऊ दगडाला होणाऱ्या त्रासाची काळजी आता तिथले लोक करतात. जवळून घर हलवलं, मोटारी आणल्या. असो.

आता गोव्याकडे. गॉथिक आपल्याकडे आलं ते शेवटच्या, मानुएलच्या काळातल्या रूपात, आणि तेही थोडंसं. रोझरीच्या चर्चमध्ये वेदीवरच्या छताला दगडी फासळ्या आहेत आणि बाहेर दोरखंडाच्या आकाराची नक्षी. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला आधीच्या चर्चचं काळसर दगडाचं मानुएली दार तसंच ठेवलं आहे. बाताल्याच्या राजअंगणातल्या जाळीत खगोलदर्शक गोल कोरला आहे, तेच चिन्ह या दारापाशीही दिसतं. ज्यांनी जुनं गोवं शंभरदा पाहिलं आहे त्यांनीही एकदा या दाराशी थांबावं. बाकी ही शैली इथे रुजली नाही, आणि त्याचं एक कारण पायाखाली आहे. आपला चिरा भोकाभोकांचा, लोखंडमातीचा. त्यात लेस कोरता येत नाही. त्याची जाड भिंत होते आणि तिला वरून चुन्याचा गिलावा लागतो. गिलावा ही चिऱ्याची शोभा नाही, त्याची कातडी आहे. तो गेला की पाणी भोकांत शिरतं आणि चिरा आतून भुसभुशीत होतो.

१८३५ नंतर जुन्या गोव्यात नेमकं हेच झालं. दोमिनिकनांचा, म्हणजे बाताल्यातल्याच पंथाचा मोठा मठ इथेही होता. आज तिथे काही उभं नाही. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि ओसाड शहराचे दगड तिच्या बांधकामाला लागले. सांत आगुस्तीनची घंटा १८७१ साली पणजीच्या चर्चमध्ये गेली. शेजारचा सांता मोनिकाचा मठ मात्र उभा राहिला. तो जोगिणींचा, हुकुमाने त्यांना हाकललं नाही, फक्त नव्या घेऊ दिल्या नाहीत. शेवटची जोगीण १८८५ साली वारली. तोवर, म्हणजे पन्नास वर्षं, त्या छताखाली कुणीतरी राहत होतं. रस्त्याच्या एका बाजूला मोनिका आणि दुसऱ्या बाजूला आगुस्तीन, चिरा तोच, पाऊस तोच. ‘वसाहत म्हणून दुर्लक्ष’ या उत्तराला मी अपुरं म्हणतो ते या दोन शेजाऱ्यांमुळे.

आणि मग १९५० नंतर पोर्तुगाल सरकारला जुन्या गोव्याची आठवण झाली. १९५२ साली सेंट फ्रान्सिस झेवियरच्या निधनाला चारशे वर्षं होणार होती, शिवाय भारत स्वतंत्र झाला होता आणि गोव्यावरचा हक्क जगाला दाखवायचा होता. लिस्बनहून बाल्ताझार काश्त्रो हा वास्तुकार आला. पोर्तुगालच्या सरकारी स्मारक खात्यात त्याने उमेदीची वर्षं घालवली होती. मध्ययुगीन चर्चवरची नंतरची भर काढायची, गिलावा खरवडायचा, ‘मूळ’ दगड उघडा करायचा, ही त्या खात्याची रीत. बाताल्याला जे एकोणिसाव्या शतकात सुरू झालं त्याचीच ती पुढची पायरी. बॉम जेझूच्या बाहेरच्या भिंतींवरचा गिलावा त्या दशकात उतरवला गेला. इमारत अधिक जुनी, अधिक भारदस्त दिसायला लागली. पण पोर्तुगालातला घडीव दगड उघडा राहू शकतो. इथे उघडा केलेला दगड चिरा होता, आणि ही इमारत कधी मध्ययुगीन नव्हतीच. १५९४ ते १६०५ मधलं ते येशुसंघाचं चर्च. त्यांच्या मातीतली रीत आपल्या मातीवर लावली गेली.

तेव्हापासून सत्तर पावसाळे त्या भिंतींनी अंगावर घेतले आहेत. चिरा झिजतो आहे हे भिंतीपाशी उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं, आणि चर्चच्या प्रमुखांनीही २०२० मध्ये ते जाहीरपणे मांडलं. परत गिलावा करावा का, यावर मतं दोन आहेत. एक म्हणतं, लाल चिऱ्याचं बॉम जेझू हीच आता त्याची ओळख, पोस्टकार्डापासून पर्यटकांच्या फोटोपर्यंत, आणि १९८६ साली जागतिक वारसा यादीत चढलं तेही याच रूपात. दुसरं म्हणतं, ती ओळख जेमतेम सत्तर वर्षांची आहे, त्याआधी साडेतीनशे वर्षं ते चुन्याने झाकलेलं होतं.

माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. मात्र गिलावा चुन्याचाच हवा. सिमेंटचा केला तर आत शिरलेलं पाणी आतच कोंडेल आणि आजच्यापेक्षा वाईट होईल. चुना मळणारे, तो मुरवून लावणारे गवंडी अजून गोव्यात आहेत, पण बहुतेक वय झालेले. काम एका भिंतीपासून, मागच्या बाजूच्या, सुरू करावं. आधी तिची चिरा न् चिरा मापं घ्यावीत, चित्रं काढावीत, आणि दोन पावसाळे ती काय म्हणते ते बघावं.